आमच्या काळचे लग्न आणि आमचा संसार
(विहाराच्या वर्धापन दिनी महिला मंडळाच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



महिला मंडळाच्या पोरी आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "आजी, या वर्षी तुम्ही बोला. तुमच्या वेळचं लग्न कसं व्हायचं, संसार कसा होता, ते सांगा." आम्ही काही शिकलेसवरलेले नाही. शाळा चौथीपर्यंत. त्यापुढे जे शिकलो ते वावरात, घरात आणि या विहारात. तेव्हा याला भाषण समजू नका. घरातली म्हातारी ओट्यावर बसून बोलते आहे असे समजा. आणि आम्ही "आम्ही" म्हणतो ते मोठेपणासाठी नाही. आमच्याबरोबर चार-दोन वर्षांच्या अंतराने या वस्तीत पाच-सहा जणी सुना म्हणून आल्या. त्यातल्या आता दोघीच उरलो आहोत. जे सांगायचे ते सगळ्यांचे मिळून आहे.

आमच्या लग्नाची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या माय-बापाच्या लग्नाची सांगावी लागते. त्याशिवाय आमच्या लग्नाची किंमत कळणार नाही.

आमचे बाबा पुसद तालुक्यातल्याच एका खेड्यात सालदार होते. सालदार म्हणजे काय, हे आता पोरांना सांगावे लागते. पाडव्याला साल ठरायचे. मग वर्षभर मालकाच्या घरी राबायचे. पहाटे बैलांचे शेणपाणी, दिवसा वखर-डवरे, रात्री जागल. बदल्यात ठरलेली ज्वारी आणि थोडे पैसे. बाबांच्या लग्नासाठी आमच्या आजोबांनी मालकाकडून उचल घेतली होती. त्या काळी मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला देज द्यायचे. शिवाय वाजंत्री, बोकड, दारू, हळद, देवक, मांडव. मुहूर्त विचारायला जोशाच्या दारी जायचे ते दूर उभे राहून. ज्याला आपली सावली चालत नाही, त्याच्याकडूनच आपल्या लग्नाची वेळ घ्यायची! ती उचल फेडायला बाबांना एकाच वाड्यात तीन साले काढावी लागली. माय म्हणायची, "आमचं लगन पाच दिवसाचं, अन् फेड तीन सालाची."

मायच्याच काळात, २० जुलै १९४२ ला, नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. परमपूज्य बाबासाहेबांनी तिथे बायांना सांगितले की लेकरांच्या लग्नाची घाई करू नका, आणि लग्न झाल्यावर बायकोने नवऱ्याची दासी म्हणून नाही तर मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे. त्या परिषदेची खबर मायपर्यंत कधी पोहोचलीच नाही. आम्हालाही ती पुष्कळ वर्षांनी, याच विहारात वाचून दाखवली तेव्हा कळली.

पुढे १९५६ साल आले. आम्ही तेव्हा सात वर्षांचे होतो. गावातली दहा-बारा माणसे नागपूरला निघाली. आपल्या पुसदला तेव्हा रेल्वे नव्हती. चहूकडून डोंगर, मधून पूस नदी. यवतमाळपर्यंत कसेबसे जायचे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. वाटखर्चासाठी मायने हातातले चांदीचे कडे मोडले. बाबांनी पांढरे धोतर-सदरा धुऊन, घडी करून डोक्याखाली ठेवून एक रात्र झोप काढली, हे आम्हाला अजून आठवते. १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना दिली. बावीस प्रतिज्ञा दिल्या. बाबा परत आले ते बदलूनच आले. बोलणे तेच, कपडे तेच, पण वाड्यावर गेले की पूर्वीसारखे वाकून उभे राहत नव्हते. दोन महिने झाले नाहीत तोच ६ डिसेंबर आला. त्या दिवशी आमच्या वाड्यात एकही चूल पेटली नाही.

आता आमच्या लग्नाचे. साल १९६६. आमचे वय सतरा. कायद्याने तेव्हा मुलीला पंधरा वर्षे पुरे होती. अठराची अट १९७८ नंतर आली. सोयरीक पुसदची. पाहुणे आले, आम्ही पाणी दिले, चहा दिला. मुलगा कोणता हे आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. बरोबर तीन तरुण आले होते आणि तिघांनीही टोप्या घातल्या होत्या! (हशा) बाबांनी तेवढे एक बरे केले. पाहुण्यांना सांगितले, "देज घेणार नाही, हुंडा देणार नाही, आणि लग्न बाबासाहेबांनी सांगितलं तसं होईल."

बाबासाहेबांनी काय सांगितले होते? महापरिनिर्वाणापूर्वी लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी बौद्ध लग्नाची रीत सांगून ठेवली होती. होम नाही, सप्तपदी नाही. एका पाटावर कोरे मडके पाण्याने काठोकाठ भरून ठेवायचे. दोन बाजूंना वधू-वर. सुताचा धागा त्या पाण्यात सोडायचा आणि त्याचे एक टोक तिने धरायचे, एक त्याने. कुणीतरी मंगल सुत्त म्हणायचे. दोघांचे कपडे पांढरे. एवढेच. श्रीमंताला वेगळे नाही आणि गरिबाला वेगळे नाही. कोरे मडके आणि हातभर सूत कोणत्या घरात मिळत नाही?

पण ते सोपे नव्हते बरं. मांडवात आमचे मामा अडून बसले. म्हणाले, "अंतरपाट नाही, मंगलाष्टक नाही, अक्षता नाही. मग लग्न लागलं हे कोणाले कळन?" बायकांमध्येही कुजबुज सुरू झाली. पांढरे लुगडे नेसून नवरी कशी उभी करायची? पांढरे तर रांडपणाचे! माय दारामागे रडत होती. लग्न लावायला एक तरुण शिक्षक आले होते. भिक्खू त्या काळी कुठे मिळायचे? त्यांनी मामांना हात जोडले आणि विचारले, "मामा, या दोघांनी सगळ्यांसमोर एकमेकांना शब्द दिला तर तुम्हाला ऐकू येईल ना?" मामा म्हणाले, "येईल." "मग तुम्हीच साक्षीदार. लागलं लग्न." मामा उठून पुढे येऊन बसले.

टेबलावर पांढरी चादर, त्यावर तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मेणबत्ती, फुले. त्रिसरण, पंचशील झाले. धागा धरला तेव्हा आमचा हात थरथरत होता. समोरचाही थरथरत होता हे धाग्यातून कळले. नवऱ्याची तीच पहिली ओळख. मग पंगत. पळसाच्या पत्रावळी, वांग्याची भाजी, तुरीचे वरण, पोळी आणि गुळाचा शिरा. झाडाला भोंगा बांधून वामनदादा कर्डकांच्या गाण्यांच्या रेकॉर्डी लावल्या होत्या. संध्याकाळी बंडीत बसून आम्ही सासरी आलो. सगळा खर्च दोनशे रुपयांच्या आत. उचल नाही, सावकार नाही. बाबा निरोप देताना रडले, पण म्हणाले, "पोरी, तुह्या लग्नापायी कोणाच्या वाड्यावर साल काढायचं नाही मले."

लेकींनो, हे वाक्य नीट ऐका. आमचे लग्न साधे झाले ते आम्ही गरीब होतो म्हणून नाही. गरीब तर आमचे आजोबाही होते. तरी त्यांनी पाच दिवसांचे लग्न केलेच आणि पोराला तीन वर्षे गहाण टाकले. आमचे लग्न साधे झाले कारण आमच्या बापाने तसे ठरवले आणि भर मांडवात निभावून नेले.

संसार कसा होता म्हणाल, तर पहाटे चारला जाते. घरात सात माणसे. ज्वारी दळून झाली की पाणी. पूस नदी तेव्हा उन्हाळ्यात आटायची. धरण १९७१ ला झाले, ते नंतरचे. आम्ही वाळूत झिरे खोदून, वाटीवाटीने हंडा भरायचो. मग भाकरी, अंबाडीची भाजी नाही तर ठेचा, पावसाळ्यात बेसन, आणि ज्वारी कमी असली की कण्या. ते फडक्यात बांधून वावरात. निंदण, खुरपण, मुगाच्या शेंगा, आणि दिवाळीपासून कापूस. कमरेला ओटी बांधून दिवसभर वेचायचे. बोंडाची टोके लागून बोटे सोलायची. उलंगवाडी झाली की पऱ्हाटी उपटून, मोळी डोक्यावर घेऊन घरी. तीच सरपणाला. रात्री चिमणीच्या उजेडात जेवण. आमच्या घरचे जिनिंगमध्ये हंगामी कामाला होते. कापसाचे तंतू केसांत, भुवयांत घेऊन यायचे. लेकरे त्यांना म्हातारा म्हणून चिडवायची.

पण एक गोष्ट त्यांनी पहिल्या पगारापासून केली. पैसे आणून आमच्या हातात दिले. आत्याबाई म्हणाल्या, "काहून रे, माय मेली का तुही?" ते म्हणाले, "माय, लग्नात कबूल केलं ना." सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. बायकोचा सन्मान करावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घराचा अधिकार तिला द्यावा, आणि ऐपतीप्रमाणे तिला कपडा-दागिना करावा. बायकोचीही पाच आहेत. घरकाम नीट करावे, दोन्हीकडच्या माणसांना धरून राहावे, एकनिष्ठ राहावे, कमावलेले सांभाळावे, आळस करू नये. आमच्या घरच्यांना सुत्ताचे नाव माहीत नव्हते. पण लग्नात शिक्षकांनी समजावून सांगितलेले ते विसरले नाहीत. दागिना मात्र कधी जमला नाही. ते त्यांच्याकडे अजून बाकी आहे. (हशा)

आत्याबाईंचेही सांगितले पाहिजे. त्या मनाने वाईट नव्हत्या. १९५६ नंतर घरातले देव टोपलीत घालून पूस नदीत सोडले तेव्हा त्यांनी हू की चू केले नाही. पण एक टाक त्यांनी फडक्यात बांधून ज्वारीच्या कणगीत ठेवला होता. ज्वारी काढताना आमच्या हाताला लागला. आम्ही तो होता तसाच ठेवून दिला. पुढे मोठ्या मुलाला हगवण लागली, डोळे खोल गेले. आत्याबाई म्हणाल्या, "देव गेले ते जाऊ दे पोरी, पण आता लेकराच्या दुखण्याले म्या कोणाले हाक मारू?" त्यांच्या त्या प्रश्नाला आमच्याकडे शब्द नव्हते. आम्ही लेकरू उचलले आणि सरकारी दवाखान्यात नेले. सलाईन लावले, लेकरू वाचले. आत्याबाईंनी तो टाक तरीही दिला नाही. त्या १९८४ ला गेल्या तेव्हा तो तिथेच होता. आमच्या घरच्यांनी गुपचूप नेऊन नदीत सोडला. त्यांच्या हयातीत त्यांना कोणी टोचून बोलले नाही, याचे आम्हाला आज बरे वाटते. प्रतिज्ञा एका दिवसात घेता येते, पण मनातली भीती जायला एखाद्या माणसाचा सगळा जन्म जातो.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या वयस्कांना आठवत असेल. वावरात काम नाही. खडी फोडायला, मातीचे बांध घालायला गेलो. खायला लाल मिलो, कामावर लेकरांसाठी सुकडी. मुख्यमंत्री आपल्याच तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. काम मागेल त्याला काम देणारी रोजगार हमी महाराष्ट्राने १९७७ ला कायद्यात आणली. त्या कामावर एक नवे झाले. हजेरीपटावर आमचे नाव आले. अमक्याची बायको म्हणून नाही, आमचे स्वतःचे. बाकीच्या बाया अंगठा लावायच्या, आम्ही चौथी पास, म्हणून सही केली. ती पाहून एक जण म्हणाली, "मले बी शिकव ना वो." त्यावरून या विहारात रात्रीची शाळा सुरू झाली. विहार म्हणजे तेव्हा चार लाकडांवर टिनाचे छप्पर, एक फोटो आणि एक कंदील. दर पौर्णिमेला घरटी एक मूठ ज्वारी जमा करायचो आणि ती विकून पाटी, रॉकेल आणायचो. त्याच मूठभर ज्वारीतून पुढे विटा आल्या. आज तुम्ही ज्या फरशीवर बसला आहात तिच्याखाली ती ज्वारी आहे.

आता कोणी म्हणेल, आजी, तुमचाच काळ चांगला. तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्या काळी मुलीला कोणी विचारत नव्हते. आमच्यासोबतची एक जण दुसऱ्या बाळंतपणात गेली, वय एकवीस. दारू पिऊन मारणारे नवरे होते आणि पंचशील म्हणूनच पीत होते. सूनवास होता. जाते गेले ते बरे झाले, चूल गेली ते बरे झाले. आज आमची नात शिकते, नवरा पाहून, त्याच्याशी बोलून हो-नाही म्हणते, याचा आम्हाला आनंद आहे. जुन्यातले सगळे परत आणा असे सांगायला आम्ही उभे नाही. एकच गोष्ट परत मागायला उभे आहोत. लग्नासाठी कर्ज काढायचे नाही, ही.

गेल्या काही वर्षांत आम्ही काय पाहतो? पत्रिकेवर बुद्धाचा फोटो, खाली बावीस प्रतिज्ञांचे नाव, आणि आत बैठकीत मोटारसायकल, पलंग, कपाट, रोख. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. देज गेले आणि त्याच दाराने हुंडा आत आला. मंगल कार्यालय, डीजे, घोडा, फटाके. मडके असते, पण ते भाड्याने आणलेल्या स्टेजच्या कोपऱ्यात, आणि नवरा-नवरीचे तोंड कॅमेऱ्याकडे. याच वस्तीतल्या एका घराची गोष्ट सांगतो, नाव घेणार नाही. मुलीच्या लग्नासाठी दोन एकर वावर गहाण पडले. धाकटी बारावीत चांगल्या मार्कांनी पास झाली होती, तिला नर्सिंगला जायचे होते. फीचे पैसे मांडवात गेले. ती आज रोजाने कापूस वेचायला जाते. आमच्या मनात आले, बाबा तीन साले वाड्यावर राबले ते आपल्या लग्नासाठी. ही पोरगी राबते ती बहिणीच्या लग्नासाठी. मग मधली एवढी वर्षे कुठे गेली?

आपला यवतमाळ जिल्हा कर्जापायी झालेल्या शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखला गेला. २००६ ला पंतप्रधान विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. कापसाचा भाव, पाऊस, बोंडअळी आपल्या हातात नाही. पण मांडवाचा खर्च तर आपल्या हातात आहे? आणि साध्या लग्नाने लोक हसतील म्हणाल, तर २०२० च्या टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्ने लागली. तेव्हा कोणी हसले नाही. त्या पोरींचे संसार मोठ्या मांडवातल्यांपेक्षा काही कमी टिकले नाहीत.

म्हणून विहार समितीपुढे आणि तुम्हा सर्वांपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, वर्षातून एखाद्या पौर्णिमेला विहाराच्या पटांगणात मांडव घालावा. ज्याला लग्न करायचे त्याने तिथे करावे. मडके, धागा आणि फुले विहाराची. पंगत सगळ्यांच्या मुठीतून. श्रीमंत घरांनी आपल्या मुलांची लग्ने आधी तिथे लावावीत. नाहीतर ते गरिबांचे लग्न म्हणून हिणवले जाईल.

दुसरी, लग्न लागले की पंधरा दिवसांच्या आत नोंदणी करा. आमचे मामा विचारत होते ना, लग्न लागले हे कोणाला कळणार? त्याला आज कागदाचे उत्तर आहे. विवाह नोंदणीचा कायदा महाराष्ट्रात १९९८ ला झाला. २००६ ला सर्वोच्च न्यायालयानेही सर्व धर्मांच्या लग्नांची नोंदणी व्हावी असे सांगितले. गावात ग्रामपंचायत, शहरात नगर परिषद. आमच्या एका मैत्रिणीचा नवरा नोकरीत असताना वारला. लग्नाचा कागद नव्हता. पेन्शनसाठी बिचारीने किती दारे झिजवली ते आम्ही तिच्याबरोबर फिरून पाहिले आहे. तिचे साक्षीदार तोवर मरून गेले होते.

तिसरी, लग्नात जे वाचेल त्यातले काही मुलीच्या शिक्षणाला ठेवा. मुलाच्याही ठेवा, पण मुलीचे आधी. आम्ही चौथीवर थांबलो, कारण धाकट्या भावाला सांभाळायला कोणी नव्हते. ते आम्हाला आजही सलते.

आणि ज्या धाकट्या पोरीची गोष्ट सांगितली, तिचे वय अजून गेलेले नाही. आमच्या दोघी मैत्रिणींनी आपल्या निराधारच्या पैशातून थोडे थोडे काढून तिच्या फीसाठी पहिली मूठ टाकली आहे. महिला मंडळाचा डबा आज दाराजवळ ठेवला आहे. पुढचा प्रवेश सुरू व्हायच्या आत तो भरायचा आहे. जाताना ज्याला जमेल त्याने टाकावे. तिचे नाव विचारू नये.

एवढे बोलून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो. बोलण्यात काही कमी-जास्त झाले असेल तर म्हातारीचे म्हणून पोटात घाला.

नमो बुद्धाय! जयभीम!